अँबॅसिडर मार्क ३ : स्लोला टायमिंग बरोबर, घाटात मात्र दम नाही (डेल्कोच्या ॲडव्हान्सबद्दल मदत हवी)

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बाबांची १९७६ची अँबॅसिडर आहे, मार्क ३, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बाबा गेल्यावर तीन वर्षं वाईच्या घरी छपराखाली उभीच होती. गेल्या दिवाळीत बाहेर काढली. टाकी धुतली, ब्रेक केले, नळ्या बदलल्या. सकाळी चावी फिरवली की अर्ध्या सेल्फात चालू होते, आणि स्लोला (पाय न दाबता नुसती चालू ठेवली तर) इतकी शांत की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा.

दुखणं आहे ते पसरणीच्या घाटात. दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर गाडी मरते. पाय पूर्ण दाबला तर आवाज वाढतो, वेग वाढत नाही. निम्म्या घाटात तापमानाचा काटा वर जातो आणि कडेला थांबावं लागतं. याच गाडीतून बाबा आम्हा चौघांना सामानासकट एका दमात पाचगणीला न्यायचे आणि वर टेबललँडपाशी पोचल्यावरही काटा मध्येच असायचा. त्यामुळे 'जुन्या गाडीचं असंच असतं' हे मला पटत नाही.

सपाटीला वाई-सातारा ६०च्या वेगाने बरी चालते, पण लिटरला ११ देणारी गाडी आता जेमतेम ८ देते.

आतापर्यंत केलेलं काम: कार्बोरेटरचं किट, नवे प्लग, नवे पॉइंट (हे उघडले की ठिणगी पडते), कंडेन्सर. चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. चाकं मोकळी फिरतात. मिस्त्रींनी कानाने ऐकून डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) फिरवला, तेव्हा घाटात थोडा फरक पडला, पण गरम असताना सेल्फ उलटा झटका मारायला लागला आणि चढाला खडखड सुरू झाली. म्हणून परत होता तिथे आणला. आता पुढे काय तपासू?

रानवारा | शनिवार, रात्री १०:१५

प्लगचा रंग सांगा. चढाला पेट्रोल कमी पडत असेल तर पांढरा दिसेल. फ्लोट लेव्हल आणि पंपाचा दाब पाहिलात का?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:३२

चारही प्लग फिकट तपकिरी. पंपाची नळी सोडून बाटलीत पेट्रोल पाडून पाहिलं, धार जोरदार आहे. फ्लोटही किट टाकताना मापला होता.

डेल्कोवाला | शनिवार, रात्री ११:०५

कृष्णाकाठ, एक विचारतो. घाटात थांबता तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून नेहमीपेक्षा जास्त धग येते का? आणि सपाटीला पाय हलका ठेवून चालवताना गाडी जड वाटते का, मागे कुणीतरी धरल्यासारखी?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११:१२

दोन्ही हो. धग इतकी, की बॉनेटचा रंग त्या बाजूला किंचित भाजल्यासारखा दिसतोय.

डेल्कोवाला | रविवार, सकाळी ७:२०

मग कार्बोरेटर बाजूला ठेवा. तुमचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, स्लोला बरोबर आहे आणि तिथेच अडकून बसलंय. कोल्हापुरात चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकलचं काम केलं, त्यात हे दुखणं शेकड्याने पाहिलं. यात फसायला होतं कारण सगळे टायमिंग स्लोला बघतात आणि 'टायमिंग ओके' म्हणून बॉनेट बंद करतात. स्लोला जुळवलेलं टायमिंग म्हणजे फक्त सुरुवातीचा आकडा. पुढचं सगळं डेल्कोच्या पोटात घडतं.

जरा सविस्तर लिहितो, म्हणजे इतरांनाही समजेल.

सिलेंडरमधलं मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ठिणगी पडल्यापासून पूर्ण दाब तयार व्हायला थोडा वेळ लागतो आणि तो साधारण सारखाच राहतो, इंजिन हळू फिरो की जोरात. समजा दोन मिलिसेकंद लागतात. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ डिग्री फिरतो, म्हणजे दोनमध्ये १२. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात ३६ डिग्री फिरून गेलेला असतो. पिस्टन वर येऊन जरा खाली सरकला, म्हणजे टीडीसीनंतर (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेनंतर) १५ डिग्रीच्या आसपास, की तिथे दाब सर्वात जास्त हवा. तसा हवा असेल तर जोरात फिरणाऱ्या इंजिनात ठिणगी खूप आधी पडली पाहिजे, यालाच ॲडव्हान्स म्हणतात. ती आधी पडली नाही, तर पिस्टन खाली पळून जातो आणि जाळ मागून येतो. ती उष्णता पिस्टनला ढकलत नाही, एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते. तुमची धग, तुमचा वर जाणारा काटा, दोन्हीचं कारण एकच.

ठिणगी आधी पाडण्याची दोन यंत्रं डेल्कोत आहेत आणि दोन्हींची कामं वेगळी आहेत.

पहिलं वजनांचं. पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. शाफ्ट जोरात फिरला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला फिरण्याच्या दिशेने पुढे ढकलतात. हे फक्त आरपीएमवर चालतं.

दुसरं व्हॅक्यूमचं. बाहेर डबी दिसते, तिच्यातून कार्बोरेटरला बारीक नळी जाते. आत रबरी पडदा असतो. हलक्या पायाने चालवताना नळीत ओढ असते, पडदा पॉइंटची प्लेट शाफ्टच्या उलट दिशेला खेचतो आणि आणखी ॲडव्हान्स मिळतो. पाय पूर्ण दाबला की ओढ जवळजवळ संपते, डबी गप्प बसते. स्लोलाही ती गप्पच असते, कारण नळीचं भोक थ्रॉटलच्या पात्याच्या कडेशी असतं.

आता तुमच्या दोन तक्रारी परत वाचा. घाटात पाय दाबलेला असतो, तिथे व्हॅक्यूमचा संबंध नाही, म्हणजे वजनं अडकलीत. सपाटीला हलक्या पायावर ॲव्हरेज पडलंय, त्यात वजनांचा वाटा आहेच, पण लिटरला तीन किलोमीटर जातात म्हणजे डबीही गेलेली असावी. माझा अंदाज, तुमच्याकडे दोन बिघाड एकत्र आहेत, म्हणूनच एकेक भाग बदलून काही सापडत नाही.

डेल्कोवाला | रविवार, सकाळी ७:४४

तपासायचं कसं ते राहिलं.

इंजिन बंद. डेल्कोची कॅप काढा, रोटर बोटांनी धरून त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळा. या इंजिनात वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. तो थोडा पुढे गेला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगच्या जोराने स्वतःहून मागे आला पाहिजे. हललाच नाही, किंवा गेला आणि तिथेच बसला, तर वजनं आखडली.

मग डबीची नळी कार्बोरेटरकडून सोडा, तोंडाने ओढा आणि टोकावर जीभ लावून धरा. प्लेट हलली पाहिजे आणि जिभेवरची ओढ टिकली पाहिजे. हवा येतच राहिली तर पडदा फाटलाय.

त्यानंतर टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा स्ट्रोबचा दिवा. इंजिन गरम करून नळी सोडा, कार्बोरेटरकडचं भोक बंद करा आणि आकडे लिहून घ्या: स्लोला किती, १५००, २०००, ३००० ला किती. आणि कळकळीची विनंती: स्ट्रोबच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो. तो थांबलेला नसतो. बाही, मफलर, ओढणी, काहीही सैल ठेवू नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची दोन बोटं अशीच गेली आहेत.

मांडवी | रविवार, सकाळी ९:०३

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्या पणजीतल्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० लाही हेच झालं होतं. तिच्यात पॉइंट नाहीत, पण खाली वजनं तीच. खाऱ्या हवेने वजनांच्या खुंट्या गंजल्या होत्या. कॅप उघडली की वरून सगळं स्वच्छ दिसतं, प्लेट काढल्याशिवाय खालचा गंज कळतच नाही.

डेल्कोवालाकाका, एक शंका. लाइटने आकडे वाचायचे कसे? टायमिंग कव्हरवरच्या खुणा थोड्याच डिग्रीपर्यंत असतात. ३० डिग्री कुठे मोजायची?

डेल्कोवाला | रविवार, सकाळी ९:३०

चांगला प्रश्न, ताई. पुलीच्या कडेभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा. समजा ४०० मिलिमीटर भरला. ४०० भागिले ३६०, म्हणजे एका डिग्रीला १.११ मिमी. १० डिग्रीला ११, २० ला २२ आणि ३० ला ३३ मिमी. पुलीवरच्या मूळ खाचेपासून कडेने तेवढं मोजून पांढऱ्या रंगाच्या रेघा मारा. बाजू चुकवू नका. पुली समोरून घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून नव्या रेघा खाचेपासून घड्याळाच्या दिशेने पुढे येतात. ॲडव्हान्स वाढला की एकेक रेघ कव्हरवरच्या टीडीसीच्या काट्यापाशी आलेली दिसली पाहिजे.

शून्यमैल | रविवार, दुपारी १२:१०

इतका खटाटोप कशाला? पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा, कॅपमध्ये मावणारी मिळतात. नागपुरात माझ्या जीपला बसवलं, दोन वर्षं बॉनेट उघडलं नाही.

डेल्कोवाला | रविवार, दुपारी १२:४१

मॉड्यूलला माझा विरोध नाही. पॉइंटची झीज संपते, गॅप बदलत नाही, फायदा आहेच. पण ते फक्त पॉइंटच्या जागी बसतं. ठिणगी *केव्हा* पडायची हे त्यानंतरही तीच वजनं आणि तीच डबी ठरवतात. आखडलेल्या डेल्कोवर मॉड्यूल बसवलं तर चुकीच्या वेळी पडणारी ठिणगी जास्त नेमाने चुकीच्या वेळी पडेल. आधी डेल्को दुरुस्त, मग हवं ते बसवा.

लीड्सहून | रविवार, दुपारी ३:२५

इथे माझ्याकडे १९७२ची एमजीबी आहे. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आणि अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं एकाच घराण्यातले, बीएमसीच्या बी-सिरीजचे. डेल्कोही ल्युकसच्या एकाच पठडीतला, म्हणून दोन गोष्टी सांगाव्या वाटल्या.

वजनं उघडाल तेव्हा कॅमच्या पायावर खालच्या बाजूला एक आकडा कोरलेला दिसेल. वजनं जास्तीत जास्त किती ॲडव्हान्स देतील तो हा आकडा, पण डिस्ट्रिब्यूटरच्या डिग्रीत. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पुलीवर त्याच्या दुप्पट दिसेल. तुमच्या डेल्कोने कुठवर जायला हवं हे त्या आकड्यावरून कळतं, दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आकडा घ्यायची गरज नाही.

व्हॅक्यूमच्या डबीवरही तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ५-१७-१०. पहिला म्हणजे पाऱ्याच्या किती इंच ओढीला ती हलायला लागते, दुसरा म्हणजे किती ओढीला पूर्ण खेचते आणि तिसरा म्हणजे किती डिग्री देते, पुन्हा डिस्ट्रिब्यूटरच्याच. नवी डबी घेताना हे आकडे जुळवून घ्या. दिसायला सारख्या डब्यांची वागणूक फार वेगळी असते.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:५०

काका, तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः तसंच निघालं. साताऱ्याहून मित्राचा लाइट आणला, त्यात आरपीएमही दिसतो. व्हॅक्यूमची नळी सोडून, भोक बंद करून घेतलेले आकडे:

७५० ला ६ डिग्री. १५०० ला ७. २००० ला ८. ३००० ला १० आणि पुढे काही नाही.

नळी लावून २००० ला पुन्हा पाहिलं, तरी ८ च. तोंडाने ओढलं तर हवा सरळ आत येते. रोटर पिळला तर जेमतेम केसभर हलतो आणि तिथेच राहतो.

गेले चार महिने मी कार्बोरेटरवर खर्च करत होतो. आता डेल्को काढायचा आहे. काढताना टायमिंग हरवणार नाही ना?

डेल्कोवाला | रविवार, रात्री ८:३०

डेल्कोला घट्ट धरणारा क्लॅम्पचा बोल्ट सोडू नका. क्लॅम्पची पट्टी इंजिनाला ज्या दोन स्क्रूंनी धरलेली असते ते सोडा आणि पट्टीसकट डेल्को वर उचला. खालची जीभ मध्यावर नसते, एका बाजूला सरकवलेली असते, त्यामुळे परत बसवताना ती एकाच प्रकारे बसते. टायमिंग जवळजवळ तिथेच राहील.

आत मात्र जपा. कॅम वर उचलण्याआधी रोटरची खाच खालच्या जिभेच्या मानाने कुठे आहे त्याची खूण करा, फोटो काढा. कॅम उलटाही बसतो, अर्ध्या फेऱ्याने. तसा बसला तर गाडी चालू होणार नाही, नुसती कार्बोरेटरमधून फाटफाट करेल.

स्प्रिंगा काढताना ताणू नका. दोन्ही स्प्रिंगा सारख्या नसतात हे लक्षात ठेवा. एक बारीक तारेची, ती सुरुवातीपासून ताणलेली. दुसरी जाड, तिच्या टोकाचा फासा लांबट, आणि ती उभ्या अवस्थेत *ढिली* लागली पाहिजे. कमी आरपीएमला एकटी बारीक स्प्रिंग काम करते, म्हणून ॲडव्हान्स भराभर चढतो. वजनं थोडी बाहेर आली की जाड स्प्रिंगचा ढिलेपणा संपतो, तीही धरते आणि पुढचा चढ मंदावतो. न कळणारे लोक ढिली स्प्रिंग बघून ती खराब समजतात.

आणि शाफ्ट आडवा हलवून पाहा. बुश झिजला असेल तर पॉइंटची गॅप दर फेऱ्याला बदलेल आणि लाइटमध्ये खूण थरथरताना दिसेल.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:०५

उघडला. वजनांखालचं ग्रीस लाखेसारखं कडक झालं होतं. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला तेव्हा कुठे वजनं हलली. खुंट्यांवर थोडा गंज, तो बारीक पॉलिश पेपरने काढला. बुश चांगला आहे, शाफ्ट आडवा हलत नाही.

कॅमखाली आकडा आहे १२. म्हणजे पुलीवर २४, अधिक सुरुवातीचे ६, एकूण ३० डिग्रीपर्यंत जायला हवं. माझा जात होता १० पर्यंत.

आणि काका, जाड स्प्रिंगचा लांबट फासा कुणीतरी पक्कडीने दाबून गोल केलाय. पक्कडीचे दात उमटलेत त्यावर. कधी, कुणी, माहीत नाही. बाबांनी गाडी दुसऱ्यांदा रंगवली तेव्हा बऱ्याच हातांतून गेली होती. पण बाबा शेवटच्या वर्षांत घाटात गाडी न्यायचं टाळायचे. आम्हाला वाटायचं वय झालं. आज तो फासा हातात घेऊन बराच वेळ छपरातच बसलो होतो.

मांडवी | मंगळवार, रात्री १०:४०

वाचून गलबललं. फोटो जपून ठेवा.

डेल्कोवाला | बुधवार, सकाळी ६:५५

दाबलेला फासा परत उघडू नका, तार तुटेल. जुना डेल्को शोधा, स्प्रिंगा त्यातून घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात अँबॅसिडरचे डेल्को अजून निघतात. बुधवारी आणि रविवारी बसतो. आज जमलं तर आजच जा, नाहीतर रविवार.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:१५

जुन्या बाजारात एक डेल्को मिळाला, शाफ्ट पार गेलेला पण स्प्रिंगा शाबूत. घाईत माझी एक चूक झाली. त्या डेल्कोतली बारीक स्प्रिंग आणि माझी बारीक स्प्रिंग, अशा दोन्ही बारीकच बसवल्या. मोकळी गाडी तुफान रेस घेत होती. पण मेणवलीच्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की खडखड, डब्यात खडे हलवल्यासारखी. लाइट लावला तर १५०० लाच २२ डिग्री.

डेल्कोवाला | रविवार, रात्री ९:३८

लगेच थांबलात ते बरं केलंत. ती खडखड अंगावर काढायची गोष्ट नाही, पिस्टन जातात त्याने. आजचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं किंवा त्याहून वरचं आहे, ही गाडी बनली तेव्हाच्यापेक्षा बरंच चांगलं, तरी एवढ्या लवकर एवढा ॲडव्हान्स तेही सोसणार नाही. एक बारीक, एक जाड ढिली. बसवताना खुंट्यांना पातळ तेलाचा थेंब, कॅमच्या टोकांना ग्रीसचा नुसता हात, रोटरखालच्या स्क्रूवर इंजिन ऑइलचे दोन थेंब. पॉइंटवर काही लागू देऊ नका.

आणि क्रम पाळा: आधी पॉइंटची गॅप, ०.३६ ते ०.४० मिमी, मग टायमिंग. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही चुकतील.

लीड्सहून | रविवार, रात्री ११:५०

प्लेटवर एक बारीक विणलेली अर्थची वायर असते, तीही पाहून घ्या. व्हॅक्यूमने प्लेट हलते तशी ती रोज वाकते आणि आतून तुटते. मग गाडी स्लोला ठीक आणि पाय दाबताच मिसिंग. माझ्या गाडीत ही वायर सापडायला एक अख्खा उन्हाळा गेला.

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, दुपारी २:३०

वायर खरोखर अर्धी तुटली होती, बदलली. स्प्रिंगा बरोबर लावल्या. डबी नवी मिळाली, आकडे जुन्या डबीशी जुळवून घेतली. आजचे आकडे, नळी सोडून:

७५० ला ६. १५०० ला १४. २००० ला १९. ३००० ला २८. ३५०० ला ३० आणि तिथे थांबतो. सोडल्यावर लगेच ६ वर परत येतो.

नळी लावून २००० ला: ३४ च्या आसपास.

सकाळी आईला पुढे बसवून पसरणीला गेलो. दुसऱ्या गिअरवर घाट सुरू केला, आणि जिथे गाडी मरायची त्या वळणाच्या पुढे चक्क तिसरा टाकता आला. आईने विचारलं, काय बदललंस? म्हटलं, एक स्प्रिंग. पाचगणीत पोचलो तेव्हा काटा मध्याच्या जरा अलीकडेच होता. मॅनिफोल्डकडची ती धग नाही.

ॲव्हरेज अजून मोजायचं आहे, टाकी भरून वाई-सातारा-वाई करून लिहितो.

मांडवी | पुढचा रविवार, दुपारी २:५२

फार आनंद झाला! वाचनखूण साठवली आहे.

शून्यमैल | पुढचा रविवार, दुपारी ४:१०

अभिनंदन. हा धागा वाचून काल जीपचा रोटर पिळून पाहिला. पुढे जातो, पण मागे यायला आळस करतो. काका, रॉकेलमध्ये पूर्ण डेल्को बुडवायचा की आधी मॉड्यूल काढायचं?

डेल्कोवाला | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:०५

मॉड्यूल आणि डबी दोन्ही काढा. रॉकेलने डबीतला पडदा खराब होतो. फक्त खालचं लोखंडी धड बुडवा, रात्रभर. सकाळी वजनं हाताने उघड-मिट करून पाहा आणि खुंट्या कोरड्या फडक्याने पुसल्यावरच तेल लावा.

कृष्णाकाठ | त्यापुढचा शनिवार, रात्री ८:२०

टाकी भरून सातारा करून आलो. लिटरला १०.८.